फोडणीचं अनुदान

बिडीपुऱ्याच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष तुम्ही कशा झालात, असं कोणी विचारलं की बायजाबाई सांगत, "वस्तीत सतरंजी माझ्याच घरी होती, बाप्पा. सभा भरवाची तं सतरंजी लागते. ज्याची सतरंजी, तो अध्यक्ष."

हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं मला नर्स चारुशीलाबाईंनी सांगितलं. बासष्ट साली डांग्या खोकल्यानं बायजाबाईंची दोन मुलं एका पंधरवड्यात गेली. मुलगी अडीच वर्षांची होती, मुलगा सात महिन्यांचा. नंतर झालेला एक मुलगा तेवढा जगला. बायजाबाई स्वतः हे कधी बोलल्या नाहीत. पण गल्लीत कोणाचं मूल खोकायला लागलं की बिडी वळता वळता त्यांचा हात थांबायचा. खोकला संपून मुलानं श्वास आत घेतला, की हात पुन्हा चालू व्हायचा. आपण थांबलो होतो, हे बहुतेक त्यांनाही कळत नसावं.

बिडीपुरा ही नागपूरच्या उत्तर टोकाला, नाल्याकाठची टिनाच्या छपरांची वस्ती. नकाशात तिला नाव नव्हतं. पुरुष कोणी गिरणीत, कोणी रिक्षावर, कोणी बांधकामावर. बायका घराघरात बिड्या वळत. दारातून आत पाहिलं तर मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात तेंदूपानं आणि कात्री. बायजाबाई सात वर्षांच्या असल्यापासून बिड्या वळत होत्या. रामटेकजवळच्या खेड्यातून लग्न होऊन आल्या तेव्हा सासूनं म्हणे तोंड पाहण्याआधी बोटं पाहिली होती.

चौऱ्याऐंशी साली सरकारची एक योजना आली. जिथे मुलांना लस टोचून घ्यायला लोक पुढे येत नाहीत, तिथे आरोग्य खात्यानं एकट्यानं जायचं नाही, वस्तीतल्या मंडळाला सोबत घ्यायचं. औषध, सुई आणि नर्स खात्याची, माणसं जमवणं आणि त्यांचा विश्वास मिळवणं मंडळाचं. त्यासाठी मंडळाला अनुदान. महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी बायजाबाईंच्या ओट्यावर टेबल लागणार होतं. अट एकच होती. सहा महिन्यांनी पाहणी होईल. टोचायला सुरुवात केलेल्या मुलांपैकी निम्मी मुलंही पुढच्या सुयांना आली नाहीत, तर टेबल इथून उठेल आणि दुसऱ्या वस्तीत जाईल.

मी तेव्हा पॉलिटेक्निकमधून नुकताच बाहेर पडलो होतो. शिक्षण फ्रिज दुरुस्तीचं, नोकरी लशीच्या थंडपणाची. लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे, आणि तिहेरी लस तर गोठताही कामा नये, म्हणून बर्फाची पेटी घेऊन मी चारुशीलाबाईंबरोबर जायचो. तिहेरी म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींवरची. वस्तीत तिला 'टिपल' म्हणत. महिन्याच्या अंतरानं तीन वेळा टोचावी लागायची.

पहिल्याच बुधवारी बायजाबाई आणि चारुशीलाबाई यांची जुंपली. चारुशीलाबाई एका आईला सांगत होत्या, "काही होत नाही हं. मुंगी चावल्यासारखं."

"खोटं काहून बोलता वं?" बायजाबाई म्हणाल्या. "ताप येते ना?"

"येतो एखाद दिवस. पण आधीच सांगितलं तर पळून जातील सगळ्या."

"आज नाही पळणार, उद्या पळतीन. अन् जाता जाता मले शिव्या देतीन. तुमी जासान सायकलवर बसून. मले इथंच मराचं आहे."

त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं, आजही पटतं. मग सुई टोचून झालेल्या प्रत्येक आईला बायजाबाईंनी स्वतः समजावलं. डोक्यावरून हात फिरवत, अगदी मायेनं. "घाबरू नोको वं माय. ताप येईन. अंग तपन. येईन, एक दिवस राहीन, अन् आपल्या पायानं चालली जाईन."

त्या दिवशी त्रेचाळीस मुलांना सुई टोचली. मी पेटीतला थर्मामीटर काढला तेव्हा पारा सहावर होता. परत जाताना चारुशीलाबाई रस्ताभर गुणगुणत होत्या.

दुसऱ्या महिन्यात बारा मुलं आली.

आम्ही चार वाजेपर्यंत बसलो. मधे एकदा बायजाबाई उठून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. "येऊन राहिल्या असतीन," असं दोनदा म्हणाल्या, तिसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत. टेबल घडी करून ठेवताना त्यांनी ते पदरानं पुसलं. त्यावर काही सांडलेलं नव्हतं.

योजनेचं काम पाहणारे अधिकारी मनोहरराव यांना कळवणं भाग होतं. त्यांचं ऑफिस रामदासपेठेत होतं. माणूस वाईट नव्हता, पण सतरा वस्त्यांचे अहवाल वाचून त्यांच्या मनात एक साचा तयार झाला होता. "अडाणीपणा आणि भीती," ते म्हणाले. "सगळीकडे हेच. भित्तिपत्रकं वाढवा. कर्णा लावा. सिनेमाची गाडी पाठवतो."

सिनेमाची गाडी आली. वस्तीनं सिनेमा आवडीनं पाहिला. पुन्हा कधी येणार, असंही विचारलं.

त्या आठवड्यात मी बायजाबाईंच्या ओट्यावर बसून आलेल्या बारा मुलांच्या कार्डांवरचे पत्ते पाहत होतो. बिघाड शोधताना आधी काय चालू आहे ते बघायचं, हे आम्हाला शिकवलं होतं. बारापैकी अकरा मुलं एकाच गल्लीतली होती, विहारामागच्या. बारावं मूल एका छत्तीसगडी गवंड्याचं होतं.

"विहारामागं बौद्ध लोक राह्यतात," बायजाबाई म्हणाल्या. "शिकेल आहेत ते."

"शिकलेल्यांची चार घरं इकडेही आहेत. ती आली नाहीत."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "चाल गा इंजिनेर, विचारूनच पाहू."

विहारामागच्या गल्लीत सिंधूताई नावाच्या एक बाई नळावर भांडी घासत होत्या. त्यांच्या नातीला दोन्ही सुया झाल्या होत्या. बायजाबाईंनी सरळ विचारलं, "तुमच्या पोरीले ताप नाही आला काय?"

"आला ना. रातभर रडली. नर्सबाईनं पाव गोळी देल्ली होती, ते चमच्यात चुरून पाजली. सकाळी खेळून राहिली होती."

"मग तुमी भेल्या नाही?"

"भ्याचं काय त्यात?" सिंधूताई हसल्या. "तुमच्याकडे माता येते, बायजाबाई. आमच्याकडची तं छप्पन सालीच गेली. आमीच निरोप देल्ला तिले."

बायजाबाई हसायला गेल्या आणि मधेच थांबल्या. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, यांना चक्कर येते आहे. त्या नळाच्या कट्ट्यावर बसल्या.

"काय म्हटलं होतं मी?" त्यांनी मला विचारलं. "पोट्ट्यांच्या मायांले काय म्हटलं होतं त्या दिवशी?"

मी आठवून सांगितलं. येईल, एक दिवस राहील, आपल्या पायानं निघून जाईल.

"हेच म्हटलं," त्या म्हणाल्या. "अक्षरन् अक्षर हेच."

मला काहीच कळलं नाही. त्यांनी मग समजावलं. बिडीपुऱ्यात मुलाच्या अंगावर गोवर किंवा कांजण्या उठल्या की माता आली म्हणतात. ताप आला असं कोणी म्हणत नाही. घरातली म्हातारी त्या मुलाच्या आईला जे सांगते ते शब्द ठरलेले असतात, आजीच्या आजीपासूनचे. 'आली आहे, राहीन, आपल्या पायानं चालली जाईन.' धीर द्यायचा म्हणून बायजाबाईंच्या तोंडून तेच शब्द निघाले होते. त्रेचाळीस आयांना त्यांनी नकळत सांगून टाकलं होतं की या सुईतून माता येणार आहे.

तिथून आम्ही उत्तराच्या घरी गेलो. उत्तरा बिड्या वळणारी, वीस-एकवीस वर्षांची. तिची मुलगी पहिल्या सुईला आली होती, दुसरीला नाही. दारावर कडुलिंबाची डहाळी वाळून कुरकुरीत झाली होती.

"हो, माता आली होती ना," उत्तरा म्हणाली. "तुमीच तं म्हटलं होतं, मावशी. संध्याकाळी अंग तपलं. मंग लिंब लावला, पाच दिवस पाळले. फोडणी नाही, तळण नाही. बाहेरचं माणूस घरात नाही. तंबाखूचा वास तिले चालत नाही, म्हणून सूप उचलून ठेवलं. पाच दिवस एक बिडी नाही वळली."

"अन् मजुरी?"

"बिडीच नाही तं मजुरी कायची? शिळं वरण पाण्यासंगं खाल्लं." मग तिनं जे म्हटलं ते मी घरी आल्यावर वहीत लिहून ठेवलं. "मावशी, सुईचं भेव नाही मले. पण महिन्याच्या महिन्याले माता घरी आणाची कोणाले परवडते?"

परतताना नाल्याजवळ आल्यावर बायजाबाई म्हणाल्या, "अन् तो छत्तीसगडी गवंडी?"

"त्याच्या बायकोला मराठी येत नाही," मी म्हणालो.

"म्हणून वाचली," त्या म्हणाल्या.

आता बोललेला शब्द परत घ्यायचा होता. माता बिता काही नसते, असं सांगत फिरणं मला सोपं वाटलं आणि मी तसं सुचवलं. बायजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू बर्फ सांभाळ," त्या म्हणाल्या, आणि इंदूबाईंकडे निघाल्या.

इंदूबाई म्हणजे वस्तीतल्या मातामायची सेवा करणारी म्हातारी. कडुलिंबाखाली शेंदूर लावलेले पाच दगड आणि त्यांच्यासमोर बाज टाकून बसलेली ही बाई. कोणत्या घरी माता आली, कधी निरोप द्यायचा, हे ती ठरवायची. या दोघींचं वर्षानुवर्षं विशेष पटत नसे.

"आली काय अध्यक्षीण," इंदूबाई म्हणाल्या. "सतरंजी आणली काय बसाले?"

"खालीच बसतो, माय. चुकली मी. निवाडा कराले आली."

बायजाबाईंनी सगळं सांगितलं, काही न लपवता. इंदूबाई ऐकत होत्या. तोंडातलं पान त्यांनी एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं.

"मले एक सांग," शेवटी त्या म्हणाल्या. "हे तुमची सुई कवा टोचतात?"

"दुसऱ्या बुधवारी."

"किती वाजता?"

"दहाले."

"अन् ताप?"

"त्याच संध्याकाळी."

इंदूबाई खोकल्यासारखं हसल्या. "अवं, माता काय कार्ड पाहून येते? दहा वाजताची माता मी सत्तर वर्षांत नाही पाहिली. जे बोलावलं तवा येते, ते माता कशी होईन? तो सुईचा ताप आहे. सुईनं आला, सुईसंगं जाईन. त्याले लिंब नाही, पाळणं नाही."

"मग हे सांग ना लोकांले, माय."

"मी सांगून काय होते? तोंडावर हाव म्हणतीन अन् घरी जाऊन लिंब लावतीन. तुह्या घरी नातू आहे ना तीन महिन्यांचा? आधी तुह्या घरी फोडणी दे. मंग मी सांगतो."

नातू होता. पहिल्या बुधवारी लहान म्हणून त्याला सुई दिली नव्हती. आता त्याची वेळ आली होती. सून लतिका तयार नव्हती. सुईला तिची ना नव्हती, फोडणीला होती. "काही झालं तं, आत्याबाई?" एवढंच ती म्हणाली. लशीवर बायजाबाईंचा विश्वास होता. पण पन्नास-पंचावन्न वर्षं जी गोष्ट घरात पाळली, ती आपल्याच नातवाच्या तापात मोडायची, याला विश्वासाखेरीज आणखी काहीतरी लागतं.

तिसऱ्या महिन्याच्या बुधवारी नातवाला सुई टोचली. संध्याकाळी ताप आला. गुरुवारी सकाळी मी मुद्दाम गेलो. दाराच्या दोन्ही फळ्या उघड्या होत्या. बायजाबाई चुलीपुढे बसल्या होत्या, नातू मांडीवर, डोळे किलकिले, गाल लाल. त्यांनी कढईत तेल टाकलं. लतिका भिंतीला टेकून उभी होती, पदराचं टोक दातात धरून. मग बायजाबाईंनी मोहरी टाकली, मग लसूण, मग मिरची. अख्ख्या गल्लीत ठसका उठला. समोरच्या घरातून कोणीतरी शिंकलं. नातूही शिंकला, रडला आणि रडता रडता दूध मागू लागला. लतिकानं त्याला ओढूनच घेतलं.

बायजाबाई सूप घेऊन ओट्यावर येऊन बसल्या आणि बिड्या वळू लागल्या. बायका येत, पाहत, जात. दुपारी इंदूबाई काठी टेकत आल्या, नातवाच्या पोटावर हात ठेवला, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुईचा ताप आहे. उतरला. वरण वाढ वं मले, फोडणीचं."

तेव्हापासून तो शब्द वस्तीत राहिला. सुईचा ताप.

पण एका घरच्या फोडणीनं त्रेचाळीस घरं पटत नाहीत. बायजाबाईंच्या डोक्यात आलं की सुईच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतच कढई चढवायची. ज्यांच्या मुलांना ताप आहे त्या आयांनी मुलं घेऊन यायचं, सूपही आणायचं. भजी तळायची, बिड्या वळायच्या, तापाच्या मुलांना चारुशीलाबाईंनी पाहायचं. आम्ही तिघं रामदासपेठेत मनोहररावांकडे गेलो.

"प्रचाराचं अनुदान आहे ना, साहेब," बायजाबाई म्हणाल्या. "ते मले तेल-बेसनाले पाहिजे."

मनोहररावांनी चष्मा काढला. "प्रचार म्हणजे भित्तिपत्रक, कर्णा, सिनेमा. भजी कशी बसवू मी त्यात?"

"कर्णा वाजला का लोक दार लावतात. फोडणीचा वास दार लावून थांबते काय?"

मनोहरराव चारुशीलाबाईंकडे पाहू लागले. चारुशीलाबाईंनी मातेचे पाच दिवस, बंद सूप, बुडालेली मजुरी, सगळं सांगितलं. मग मनोहरराव म्हणाले, "सतरा वस्त्यांत मी भीती लिहिली आहे. एकाही ठिकाणी, तुम्ही का आला नाहीत, असं कोणी विचारलं नसावं." त्यांनी 'प्रचार (इतर)' असं लिहून सही केली. आणि बायजाबाईंना म्हणाले, "पण सहा महिन्यांची अट माझ्या हातात नाही, बाई. निम्मी मुलं यायलाच हवीत."

चौथ्या महिन्यापासून सुईनंतरचा गुरुवार हा बिडीपुऱ्यात भज्यांचा दिवस झाला. इंदूबाईंची बाज कढईजवळ आली. त्या आणि बायजाबाई भज्यांत ओवा किती, यावरून भांडत. नवीन मुलं येऊ लागली आणि पुन्हाही येऊ लागली. जुन्यांपैकी काही परतली, बरीच परतली नाहीत. काही घरं कामामागे बुटीबोरीकडे निघून गेली. काहींच्या मनात तो पहिला महिना अडकून बसला होता.

पाहणीच्या दिवशी मनोहरराव कागद घेऊन ओट्यावर बसले. मी हिशेब आधीच केला होता आणि तो मला आवडला नव्हता. सगळी मुलं धरली तर निम्म्याला सहा कमी पडत होती. टेबल उठणार होतं. बायजाबाईंना मी सकाळीच सांगितलं होतं. त्या नवी साडी नेसून बसल्या होत्या.

"कारण काय लिहू?" मनोहररावांनी हळूच विचारलं. "लोकांचं स्थलांतर लिहितो. तुमच्यावर काही येणार नाही."

"स्थलांतर नोको," बायजाबाई म्हणाल्या. "पहिल्या महिन्याची पोट्टी माह्या शब्दानं गेली. ते लिहा. अध्यक्ष चुकीचं बोलली म्हणून आली नाही. लोकांची चूक नाही त्याच्यात."

"असं लिहिलं तर मंडळाचं नाव खराब होईल."

"होऊ द्या. पण बस्तीचं होऊ नोका देऊ. बस्ती वाईट म्हणून टेबल नोका उठवू."

मनोहरराव पेन हातात धरून थांबले. मग माझ्याकडे वळले. "पहिल्या महिन्याची मुलं वेगळी काढता येतील का? आणि नंतर सुरू झालेली वेगळी?"

कार्डं माझ्या पिशवीतच होती. दोन ढीग करायला पाच मिनिटं लागली. पहिल्या ढिगातली तिसऱ्या सुईपर्यंत थोडीच पोचली होती. दुसऱ्या ढिगात एकतीस मुलं होती, आणि ज्यांची पुढची तारीख उलटली होती त्यातली दोन सोडली तर सगळी आली होती. सकाळी मी याच कार्डांची एकच बेरीज केली होती. हे ढीग वेगळे आहेत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चूक कोणाची, हे कोणीतरी उघड म्हणेपर्यंत ते दिसण्यासारखं नव्हतं.

मनोहररावांनी दोन्ही ढीग वेगळे लिहिले, आणि दोन्हींच्या मधे बायजाबाईंची चूक, त्यांच्याच शब्दांत. पंधरा दिवसांनी मंजुरी आली. टेबल आणखी एक वर्ष राहणार होतं.

चारुशीलाबाई पत्र घेऊन धावतच ओट्यावर आल्या. बायजाबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं. मग सूप खाली ठेवलं, तेंदूपानांवर ओलं फडकं टाकलं आणि चपला घातल्या.

"कुठं चालल्या?" मी विचारलं.

"उत्तराकडं. तिच्या पोरीच्या दोन सुया राहिल्या."

मीही मागे गेलो. उत्तरा दारातच बिड्या वळत होती. बायजाबाई तिच्यासमोर, ओट्याखाली, सरळ जमिनीवर बसल्या. "त्या दिवशी मी चुकीचं बोलली, उत्तरा. तुह्ये पाच दिवस माह्या तोंडानं गेले."

उत्तरानं त्यांच्याकडे पाहिलं, मग हातातली बिडी दोऱ्यानं बांधून सुपात टाकली. अध्यक्षांनी आपल्यासमोर खाली बसावं, याची तिला बहुतेक सवय नव्हती. "उठा ना, मावशी, वरतं बसा," ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "बुधवार कवा आहे?"

"परवाच."

"मंग गुरुवारी मी कांदे कापून देईन. त्या इंदूबाई लय जाड कापतात."